रंगाचं इंजेक्शन

माझ्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा पाहिली ती कामावर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीनं. तळवड्याच्या एका लहान युनिटमध्ये मी क्वालिटीत आहे, प्रेसमधून निघालेले पार्ट तपासायचं काम. दुपारच्या सुट्टीत मी बाटलीनं पाणी पीत होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "ताई, तुमच्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय," म्हणाली. मी म्हटलं, पाणी पिताना सगळ्यांच्याच गळ्यात काहीतरी वरखाली होतं, तू जेव. घरी येऊन मात्र आरशासमोर उभी राहिले आणि घोट घेतला. डाव्या बाजूला बोराएवढं काहीतरी घोटाबरोबर वर चढलं आणि परत खाली आलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा राग आला.

सोनोग्राफी झाली. मग गळ्यात सुई घालून पेशी काढल्या. रिपोर्टात लिहून आलं, नमुना अपुरा, पुन्हा करावे. परत सुई. या वेळी लिहून आलं, संशयास्पद. म्हणजे आहे की नाही? मी पंचवीस वर्षं पार्ट तपासतेय. पार्ट एक तर पास होतो नाही तर रिजेक्ट होतो. मधला ठेवला तर शिफ्ट संपायच्या आत सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहतो आणि विचारतो, याचं काय ते ठरवा. इथं ठरवायला कुणी तयारच नव्हतं. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सुईवरून इतकंच कळतं. ग्रंथी बाहेर काढून तपासली की नक्की सांगता येईल." म्हणजे पार्ट खराब आहे का ते बघायला पार्टच कापायचा. मी तसं म्हटलंही त्यांना. त्या हसल्या. मला हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. थायरॉइडची सगळी ग्रंथी काढली, शेजारच्या काही गाठीही काढल्या, आणि त्यातही पसरलेलं निघालं. कॅन्सरच होता. आणि त्यानंतर जो येईल तो मला एकच गोष्ट सांगायला लागला, की हा चांगला कॅन्सर आहे. भेटायला आलेल्या बायका शहाळं खाली ठेवायच्या आधी म्हणायच्या, "अगं, थायरॉइडचा म्हणजे चांगला असतो म्हणे." सोसायटीतल्या एका काकांनी तर अभिनंदन केल्यासारखा हात पुढे केला. आजार बरा होतो हे मला कळत होतं, मॅडमनीही तेच सांगितलं होतं. पण कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या येतायत, गोळ्यांनी तोंड कडू झालंय, गळ्यावर टाके आहेत, आणि समोरचा माणूस सांगतोय की तुझं नशीब चांगलं. वाटायचं, घ्या मग तुम्हीच थोडा.

पुढचा उपचार मॅडमनी नीट समजावून सांगितला. ग्रंथी काढली तरी तिच्या थोड्या पेशी अंगात उरतात. या पेशींना आयोडीन लागतं. तेव्हा आधी त्यांना आयोडीनवाचून उपाशी ठेवायचं, आणि त्या पुरत्या भुकेजल्या की किरणं असलेलं आयोडीन प्यायला द्यायचं. त्या अधाशासारखं ते खातात आणि मरतात. त्यासाठी ग्रंथीऐवजी रोज घ्यायची थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद, जेवणातलं आयोडीन बंद, मग दवाखान्यात एकटीनं एका खोलीत राहायचं, आणि घरी आल्यावरही अंगातून किरणं निघतात म्हणून काही दिवस लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब. अशा खोल्या फार थोड्या असतात, पुण्यात जिथं होती तिथं नंबर लावावा लागला. मॅडम एक गोष्ट दोनदा बोलल्या, "मधल्या काळात मला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे हे होते, माझे दीर होते, मी होते.

मला त्या सगळ्यात एकच तारीख महत्त्वाची होती. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. ती ताथवड्यात राहते, आमच्या चिखलीपासून गाडीनं फार लांब नाही, पण पहिलं बाळंतपण माहेरीच हे आमच्यात ठरलेलं. सातव्या महिन्यात ती येणार, आणि त्याच्या कितीतरी आधी माझी खोली, माझं आयोडीन, माझं लांब राहणं, सगळं उरकलेलं असणार. बाळ आलं की त्याला पायांवर घेऊन अंघोळ मीच घालणार होते. माझ्या मुलीला मी तशीच घातली होती. मी मॅडमना तारीख विचारून घेतली, दोनदा विचारून घेतली, आणि त्या म्हणाल्या, "आरामात बसतंय."

मग तयारी सुरू झाली. दूध बंद, दही बंद, चहा काळा. बेकरीचं बंद, बाहेरचं बंद, मासे बंद, अंड्यातलं पिवळं बंद. आणि नेहमीचं मीठ बंद. आयोडीन नसलेलं मीठ मागितलं तर दुकानदार माझ्याकडे बघायचे. वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलंय की आयोडीनचं मीठ खा, आता ही बाई उलटं काय मागतेय? ह्यांनी चिंचवडपर्यंत हिंडून ते मीठ आणलं. माझं जेवण वेगळं शिजायला लागलं आणि ते बेचव लागायला लागलं.

पण जेवण परवडलं. गोळी बंद केल्यावर जे झालं ते मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. अंगात ओली वाळू भरल्यासारखं वाटायचं. ऐन उन्हाळ्यात मी शाल घेऊन बसायचे. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, कामावर सही करायला पेन उचललं की सही कशी करतात ते आठवावं लागायचं. शेवटी रजा टाकली. चिडकी मी आधीपासूनच आहे, पण आता चिडायचं तरी अंगात बळ हवं. मी दिवस मोजत पडून राहायचे.

आता माझ्या दिरांबद्दल सांगायला हवं. ते माझ्या ह्यांच्याहून धाकटे, पण घरातलं कुठलंही काम अडलं की सगळे त्यांच्याकडे बघतात. बांधकामाला खडी-वाळू पुरवायचा त्यांचा धंदा. त्यांच्या फोनमध्ये निम्मं पिंपरी-चिंचवड आहे. नळाचं कनेक्शन असो, शाळेचा प्रवेश असो, लायसन असो, ते फोन कानाला लावतात, "राव, आपल्या वहिनीचं काम हाय," म्हणतात आणि काम होतं. रांगेत उभं राहिलेलं मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही. ऑपरेशनच्या वेळी मात्र त्यांना काहीच करता आलं नव्हतं. मॅडम ओळखीच्या नव्हत्या, नंबर पुढे सरकत नव्हता, आणि ते बाहेर येरझाऱ्या घालत होते. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं, हे मला नंतर समजलं.

दवाखान्यात दाखल व्हायला थोडेच दिवस राहिले होते. एक दिवस सकाळीच ते गाडी घेऊन दारात आले.

"वहिनी, चला. गळ्यापासून खालपर्यंत सगळा सिटीस्कॅन करून घेऊ. नवीन सेंटर झालंय, आपला माणूस हाय तिथं. पैसा न्हाई, लाइन न्हाई, काय न्हाई."

"भाऊजी, मॅडमनी सांगितलंय ना, विचारल्याशिवाय काही करू नका."

"आवो, करायचंय कुठं? नुसतं बघायचंय. बघायला काय जातंय? आणखी कुठं पसरलं असलं तर आपल्याला आधीच कळंल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तो म्हणतोय तर करून घे." मला उठून बसायचाही कंटाळा आला होता. वाद घालण्यापेक्षा गाडीत बसणं सोपं होतं. त्या सेंटरमध्ये खरंच कुणी थांबवलं नाही, सरळ आत नेलं. दमा आहे का, किडनीचं काही आहे का, विचारलं. मी म्हटलं गळ्याचं ऑपरेशन झालंय. तिथल्या मुलानं मान हलवली. हातात सुई लावली आणि म्हणाला, "रंगाचं इंजेक्शन देतोय, गरम वाटेल." सगळ्या अंगातून ऊन फिरल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ऊब लागली. रिपोर्ट चांगला आला. भाऊजींनी येताना पेढे घेतले, मला खाता येत नाहीत हे विसरून.

दाखल व्हायच्या आधी मॅडमकडे शेवटची तपासणी होती. मॅडमनी विचारलं, "मध्ये काही त्रास? दुसरी काही औषधं?" मी नाही म्हणेपर्यंत भाऊजींनी पिशवीतून ती मोठी फिल्म काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, सगळं क्लिअर हाय. आमी बघून घेतलं."

मॅडमनी फिल्म उजेडाकडे धरली. मग खाली ठेवली. "रंगाचं इंजेक्शन दिलं होतं?"

"व्हय," भाऊजी म्हणाले. "भारीतलं दिलं."

 मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या रंगात आयोडीन असतं. भरपूर. तुम्ही इतके दिवस जे टाळलंत त्याच्या कित्येक पट एका इंजेक्शनात गेलं. आता त्या पेशी पोट भरून बसल्यात. आपलं औषध त्या घेणारच नाहीत. आता देऊन उपयोग नाही."

"मग?" मी विचारलं.

"आज गोळी परत सुरू करा. अंगातलं आयोडीन निघून जायला दोन-तीन महिने लागतील. लघवी तपासून बघू. मग पुन्हा गोळी बंद, पुन्हा पथ्य, आणि खोलीचा नवा नंबर."

मी बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती, मला कळलं होतं. बाळ आणि ती खोली आता बरोबर एकमेकांवर येऊन आदळणार होती. मी विचारलं, बाळंतपण झाल्यावर, सगळं निवांत झाल्यावर केलं तर? मॅडम म्हणाल्या, थोडं थांबल्यानं बिघडत नाही, पण गळ्यातल्या गाठींत पसरलेलं होतं, त्यामुळे आणखी सहा-आठ महिने त्या थांबायला सांगणार नाहीत. आणि ही खोली सोडली तर पुढची तितक्याच उशिरा मिळणार. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फिल्म भाऊजींच्या हातात परत देताना त्या फक्त म्हणाल्या, "आधी मला एक फोन करायचा होतात."

 परतताना गाडीत माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण जीभच जड झालेली. राग असा साठून राहतो हे तेव्हा कळलं. भाऊजींचा राग, ह्यांच्या "करून घे"चा राग, त्या सेंटरमधल्या मुलाचा, मुकाट गाडीत बसलेल्या माझा स्वतःचा. सगळ्यात जास्त चीड याची, की कुणीच वाईट वागलं नव्हतं. भांडायला समोर एक तरी नालायक माणूस हवा होता. तो नव्हता.

मी मुलीला म्हटलं, बाळंतपण सासरीच कर. तिच्या सासूबाई बिचाऱ्या तयार होत्या. पण मुलगी माझ्यावरच गेलीय. "आई, मला तुझ्याजवळच यायचंय. तू दवाखान्यात जाशील तेव्हा बघू." ती सातव्या महिन्यात आली. नंतर सिझेरियन झालं, नात झाली. मुलीला उठता-बसता येईना, तिला कुठं हलवायचा प्रश्नच उरला नाही. त्या वेळी माझी गोळी दुसऱ्यांदा बंद झाली होती.

बाळ घरी आलं त्या दिवशी मी पाणी तापवलं, पाटावर बसले, पाय पसरले. मुलीनं बाळ माझ्या पायांवर ठेवलं. मी तेल लावलं. मग तांब्या उचलला आणि हात वाटेतच थांबला. काय करायचं ते माहीत होतं, पण हातापर्यंत पोचतच नव्हतं. बाळ तेलानं घसरत एका पायावरून कलंडायला लागलं आणि मला ते दिसत असून माझा हात निघेना. मुलगी तशीच टाके धरून वाकली आणि तिनं बाळाला सावरलं. कुणाला काही झालं नाही. मुलगी म्हणाली, "असू दे गं आई, होतं." मी म्हटलं, उद्यापासून अंघोळ घालायला बाई लाव. आणि तांब्या इतक्या जोरात आपटला की त्याला पोचा पडला. किरणांचं आयोडीन मी अजून घेतलंही नव्हतं. बाळापासून लांब राहायचे दिवस मी दवाखान्यानंतरचे धरले होते, ते आधीच सुरू झाले होते. पुढचे दिवस मी बाळाला मांडीवर घेतलं तर भिंतीला टेकून, दोन्हीकडे उशा लावून, तेही मुलगी शेजारी असेल तरच.

उपचारानंतर मला या घरात येता येणार नव्हतं. घर माझं, स्वयंपाकघर माझं, आणि बाहेर मी. भाऊजींचा एक फ्लॅट रिकामा होता, आमच्याच जुन्या शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. त्यांनी तो झाडून घेतला, गादी टाकली, माझ्या जावेला बाळंतिणीसाठी आमच्या घरी आणून ठेवलं. मला विचारलं नाही. मीही नको म्हटलं नाही. आम्ही तेव्हा एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो.

दाखल व्हायच्या दिवशी तेच गाडी चालवत होते, हे मागे बसले होते. नाशिक फाट्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या आणि भाऊजींनी फोन काढला.

"कुणाला?" मी विचारलं.

"न्हाई, तिथं एक जण हाय वळखीचा. तुमाला जरा चांगली रूम..."

"ठेवा तो फोन." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, जाड, पुरुषासारखा. "ठेवा खाली. तुमच्या ओळखीनं माझी नात माझ्या मांडीवरून गेली. मला चांगली रूम नको, मला लाइन हवीय. माझा नंबर येईल तेव्हा येईल. एक दिवस तरी कुणाला फोन करू नका."

मागून हे "अगं, अगं" करत होते. भाऊजींनी फोन खाली ठेवला. पुढच्या गाड्या सरकल्या तरी ते हलले नाहीत, मागून हॉर्न वाजायला लागले. मग समोर बघतच म्हणाले, "मग मी काय करू, वहिनी? दादा तुमच्याजवळ बसतोय, बायका सैपाक करत्यात. मला दुसरं काय येतंय?"

 खरं तर मला त्यांना आणखी बोलायचं होतं, मी कित्येक आठवडे वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी तिथंच राहिली. "गाडी काढा," मी म्हटलं.

दवाखान्यात ते बाकावर बसले. आमच्या आधी बरेच जण होते. ते उठून खिडकीशी गेले नाहीत, कुणाला फोन लावला नाही, नुसते हाताची घडी घालून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. माझं नाव पुकारलं तेव्हा दुपार कलली होती. खोलीत गेले, जड दार लागलं, ते औषध प्यायले. पाण्यासारखंच होतं. एवढ्यासाठी एवढं सगळं, असं मनात आलं.

तिथून सुटले ती थेट त्या फ्लॅटवर. जेवणाचा डबा दाराबाहेर यायचा, बेल वाजायची, मी उघडेपर्यंत बाहेर कुणी नसायचं. गोळी परत सुरू झाली होती आणि रोज थोडी थोडी मी माझ्यात परत येत होते. त्याचा उपयोग काय, बाळ तिकडं. व्हिडिओ कॉलवर मुलगी बाळाला दाखवायची, ते हलायचं, चित्र अडकायचं, नेमकं तोंड उघडलेलं अडकायचं. मी फोन गादीवर फेकायचे. परत उचलायचे.

एका सकाळी खालून हाका ऐकू आल्या. बाल्कनीत गेले तर खाली मोकळ्या पार्किंगमध्ये भाऊजी उभे, शेजारी मुलगी, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.  परत काहीतरी आपल्या मनानं करून बसले भाऊजी.

"भाऊजी! आधी तिला घेऊन जा घरी! इथं कशाला आणलीत? मॅडमनी सांगितलंय ना लांब ठेवा म्हणून!"

ते मान वर करून ओरडले. चार मजल्यांचे सगळे लोक खिडक्यांत आले असतील.

"मॅडमना इचारलंय, वहिनी! जाऊन इचारलंय! रांगेत बसलो, नंबर आल्यावर इचारलं! त्या म्हनाल्या, एवढ्या लांबून चालतंय!"

मुलीनं दुपटं बाजूला केलं आणि बाळाला दोन्ही हातांनी वर उचललं, माझ्याकडे तोंड करून. चौथ्या मजल्यावरून चेहरा काही दिसत नाही. काळं जावळ दिसलं, हलणारे पाय दिसले. मी कठडा घट्ट धरला. हात आता नीट धरत होते.

"टाके ताणतील तुझे, खाली घे तिला!" मी ओरडले. तिनं घेतलं नाही. आणि मीही परत सांगितलं नाही.